फोटोत चेहरा सोडून नजर भलतीकडे का जाते

चष्मा घालणाऱ्या एका वाचकाने वडिलांचा एक फोटो सोबत पाठवून प्रश्न विचारलाय, तो दोन भागांत आहे. एक, आयडीसाठी घरी काढलेला फोटो दोनदा परत आला, एकदा "बॅकग्राउंड एकसारखं नाही" म्हणून आणि एकदा "डोळे स्पष्ट दिसत नाहीत" म्हणून. दुसरं, वडिलांचे घरी काढलेले पोर्ट्रेट फोकसमध्ये आहेत, उजेडही बरा आहे, तरी बघणारा वडिलांबद्दल न बोलता मागच्या कॅलेंडरबद्दल बोलतो. आणि शेवटी विचारलंय की कॅमेरा बदलू का.

कॅमेरा बदलू नका, निदान या कारणासाठी तरी नको. मी वीसेक वर्षं माणसांचे फोटो काढतोय, त्यात ऑफिसांच्या आयडीचे ढीगभर आणि पोर्ट्रेट त्याहून थोडे कमी, आणि माझे स्वतःचे जेवढे फोटो वाया गेलेत त्यातले फोकस चुकल्यामुळे गेलेले फार थोडे, बाकी सगळे मागे किंवा कडेला काहीतरी राहून गेलं म्हणून गेले. समोर माणूस बसला की आपण त्याच्या डोळ्यांकडे बघतो, तो हसतोय का, मान वाकडी झालीये का, एवढंच बघतो आणि मेंदू बाकीचं सगळं परस्पर पुसून टाकतो. कॅमेरा काही पुसत नाही. त्याला वडील आणि कॅलेंडर सारखेच.

म्हणून माझी सवय उलटी आहे, आधी बॅकग्राउंड लावायचं आणि मग माणूस बोलवायचा. म्हणजे अक्षरशः रिकामी खुर्ची ठेवायची, कॅमेरा जिथे असणार तिथे लावायचा आणि माणसाशिवाय एक फोटो काढायचा. तो फोटो स्क्रीनवर मोठा करून बघा. चेहराच नसल्यामुळे नजर आपोआप इकडेतिकडे फिरते आणि जिथे जिथे ती अडकेल ती तुमच्या फोटोतली अडचण. स्विच, खिळा, वायर, दाराची चौकट, कपाटाच्या काचेतला उजेड, भिंतीवरचा हाताचा डाग, सगळं दिसायला लागतं. माणूस खुर्चीत बसल्यावर यातलं काही दिसणार नाही, तुम्हाला तरी नाही.

ही सवय मला एका फजितीतून लागली. एका ऑफिसात दोनेकशे लोकांचे आयडी फोटो काढायचे होते, भिंत छान फिकट, सगळं सेट केलं आणि टेस्टसाठी तिथलाच एक उंच गडी उभा केला. फोटो मस्त आला. मग रांग सुरू झाली, एकामागे एक, मी चेहरे बघतोय, कॉलर बघतोय, आणि साठेक लोक झाल्यावर सहज मागे जाऊन बघतो तर उंची कमी असलेल्या प्रत्येकाच्या कानाशेजारी एक स्विचबोर्ड. टेस्टवाला उंच असल्यामुळे तो त्याच्या खांद्यामागे लपला होता. त्या सगळ्यांना परत बोलवावं लागलं आणि लोक किती प्रेमाने परत येतात ते सांगायला नको. रिकाम्या खुर्चीचा एक फोटो काढला असता तर दहा सेकंदांत कळलं असतं.

आता नजर अडकते कशाला, ते थोडं समजून घेतलं की निम्मं काम होतं. फ्रेममधला सगळ्यात उजळ भाग ती आधी पकडते, मग जिथे गडद आणि उजळ एकमेकांना भिडलेत ती कड, मग भडक रंग, त्यातही लाल. आणि या सगळ्यांवर मात करतात अक्षरं, आकडे आणि दुसरा चेहरा. माणूस अक्षर दिसलं की वाचतोच, वाचायचं नाही असं ठरवून बघा, जमत नाही. त्यामुळे कॅलेंडर म्हणजे पोर्ट्रेटचा पक्का शत्रू, त्यात आकडे आहेत, अक्षरं आहेत, वर बहुतेक वेळा रंगीत चित्र आहे. बघणारा वडिलांकडे बघण्याआधी महिना कुठला ते वाचून मोकळा होतो. टी-शर्टवरचा मजकूर, पुस्तकांच्या पाठीवरची नावं, मागच्या भिंतीवर टांगलेला कोणाचातरी फोटो, हे सगळे त्याच जातीचे.

लोक यावर एकच औषध सांगतात, बॅकग्राउंड ब्लर करा. ब्लर उपयोगी आहे, नाही असं नाही, अक्षरं ब्लर झाली की वाचता येत नाहीत आणि मग ती निरुपद्रवी होतात. पण उजळपणा आणि रंग ब्लरने जात नाही हो. मागे एक छोटा दिवा असेल तर तो ब्लर होऊन छोटा राहत नाही, मोठी चकती होतो, आणि ती चकती नेमकी कानाला चिकटून बसते. लाल बादली ब्लर केली की लाल ढग होतो. म्हणजे आधी जे बादलीएवढं होतं ते आता दुप्पट जागा खातंय. त्यामुळे मागचं भरपूर ब्लर करणारी एफ १.८ ची लेन्स घेऊन आलेला माणूस आणि साध्या मोबाइलवाला, दोघांनाही बादली हातानेच उचलायची आहे. दोन मिनिटांचं काम असतं आणि आळस केला की एडिटिंगला अर्धा तास जातो.

उचलता येत नसेल तर तुम्ही हला. डोक्यातून खांब उगवलेला फोटो प्रत्येकाच्या घरात एकतरी असतो, झाड, खांब, पडद्याचा दांडा, दाराची चौकट. याला उपाय फक्त अर्धं पाऊल. खांब लांब आहे आणि माणूस जवळ, त्यामुळे तुम्ही किंचित डावीकडे सरकलात की खांब डोक्यामागून निघून बाजूला जातो, माणूस आहे तिथेच. उभ्या रेषा डोक्यामागून काढायच्या तर बाजूला सरका आणि आडव्या रेषा म्हणजे खिडकीची चौकट, टेबलाची कड, क्षितिज वगैरे मानेतून किंवा डोळ्यांच्या पातळीतून जात असतील तर कॅमेरा वर-खाली करा. कॅमेरा खाली नेला की मागे छत किंवा आकाश येतं, वर नेला की जमीन येते, आणि बऱ्याचदा या दोन्हींत कटकट कमी असते. फक्त फार खाली जाऊ नका, नाकपुड्या दिसायला लागतात आणि तीही एक अडचणच.

कडा बघायची सवय वेगळी लावावी लागते. बटण दाबण्याआधी मी नजर फ्रेमच्या चारी कडांवरून एकदा फिरवतो, घड्याळाच्या काट्यासारखी, एक-दोन सेकंद लागतात. कडेला अर्धवट आलेली वस्तू पूर्ण वस्तूपेक्षा जास्त त्रास देते कारण डोळा ती पूर्ण करायला बाहेर जातो. कोणाचं तरी कोपर, खुर्चीचा हात, पिशवीचा बंद. जुन्या किंवा स्वस्तातल्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, तर पूर्ण फ्रेम दिसतच नाही, साधारण ९५ टक्केच दिसते, म्हणजे कडेची पट्टी तुम्ही न बघताच काढताय. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला त्या स्थलांतरित मजूर आईचा फोटो बहुतेकांनी कुठेतरी पाहिला असेल, मुलं खांद्याला टेकलेली आणि आईचा हात गालाशी. त्याच्या मूळ निगेटिव्हमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता, पुढे आलेला. लँगला तो इतका खुपला की नंतर तिने तो निगेटिव्हवरच पुसून घेतला आणि त्यावरून तिचे वरिष्ठ नाराजही झाले. नीट बघितलं तर त्या अंगठ्याची पुसट खूण अजून दिसते. तर कडा सुटणं हे मोठ्यामोठ्यांचं होतं, आपण मनाला लावून घेऊ नये, पण बघावं.

आणखी एक फुकटातली युक्ती, काढलेला फोटो लगेच अगदी लहान करून बघा, नखाएवढा, किंवा डोळे अर्धे मिटून बघा. बारकावे जातात आणि फक्त उजळ-गडद ठिपके उरतात. चेहरा हा सगळ्यात ठळक ठिपका असेल तर ठीक. नसेल तर जो आहे तो शोधा. फोटो उलटा करून बघणंही चालतं, उलटा चेहरा डोळ्याला पटकन ओळखता येत नाही त्यामुळे बाकीचं दिसतं.

आता तुमच्या आयडी फोटोकडे येतो, कारण तिथे हिशोब वेगळा आहे. पोर्ट्रेट बघणारा माणूस असतो आणि त्याची नजर भरकटली तर फार तर मजा जाते. आयडी फोटो बघणारा एकतर खिडकीमागचा अधिकारी, जो दोन सेकंदांत फोटो आणि समोरचा माणूस ताडून बघतो, नाहीतर मशीन, जे डोळ्यांची जागा, नाक, चेहऱ्याची कड शोधून त्यावरून जुळवाजुळव करतं. मशीनला खुर्चीची पाठ कानाशेजारी दिसली की ती कड कोणाची हा घोळ होतो. भिंतीवर पडलेली डोक्याची सावली तर अजून वाईट, कारण तिचा आकार डोक्यासारखाच.

ही चिंता आजची नाही बरं. पॅरिसच्या पोलिसांत अल्फोन्स बर्तियों नावाचा गृहस्थ होता, त्याने १८८० च्या दशकात आरोपींच्या फोटोंना शिस्त लावली. त्याआधी कोणी कसाही, कुठल्याही अंतरावरून, कुठल्याही उजेडात काढलेला फोटो फाइलीत असायचा आणि एक फोटो दुसऱ्याशी ताडून बघणं अशक्य. त्याने खुर्ची ठरवली, अंतर ठरवलं, उजेड ठरवला, एक फोटो समोरून आणि एक बाजूने. माणूस सोडून बाकी काहीच बदललं नाही की जे वेगळं दिसतंय ते माणसाचंच. आज पासपोर्टच्या नियमांतही तेच चालू आहे.

ते नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजातून येतात, बहुतेक देश त्याच धर्तीवर आपापले नियम करतात. साइज बऱ्याच ठिकाणी ३५ × ४५ मिलिमीटर, चेहरा उंचीच्या ७० ते ८० टक्के, फिकट एकरंगी बॅकग्राउंड, तोंड मिटलेलं, दोन्ही डोळे उघडे, चेहऱ्यावर किंवा मागे सावली नको, आणि फ्रेममध्ये तुम्ही एकटे, म्हणजे खुर्चीची पाठ नको, खेळणं नको, दुसरा माणूस नको. अमेरिकेचा आकार वेगळा, ५१ × ५१ मिलिमीटर, डोकं २५ ते ३५ मिलिमीटर आणि बॅकग्राउंड पांढरं किंवा जवळपास पांढरं. ब्रिटनच्या छापील फोटोला उलट क्रीम किंवा फिकट राखाडी मागतात. तेव्हा जिथे द्यायचाय तिथले नियम आधी वाचा, एकीकडे पास झालेला फोटो दुसरीकडे पास होईलच असं नाही.

"बॅकग्राउंड एकसारखं नाही" हे कारण ज्यांना मिळतं त्यातले बरेच जण म्हणतात अहो माझी भिंत तर पांढरीशुभ्र आहे. भिंत पांढरी असेलही, पण फोटोत ती पांढरी येत नाही. समजा तुमचा दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर आहे आणि भिंत चेहऱ्याच्या मागे आणखी एक मीटरवर. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणजे भिंतीवर चेहऱ्याच्या एक चतुर्थांश उजेड पडतोय आणि ती राखाडी दिसणार, त्यातही दिव्याच्या बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला काळपट. हेच ते "एकसारखं नाही". मग लोक भिंत उजळ करायला माणसाला भिंतीला चिकटवून उभं करतात आणि सावली पडते, त्यामुळे फोटो पुन्हा परत. या दोन खड्ड्यांच्या मधून जायचं तर माणूस भिंतीपासून चार-पाच फूट पुढे घ्या म्हणजे त्याची सावली खाली जमिनीवर कुठेतरी पडेल आणि भिंतीला वेगळा उजेड द्या. दुसरा दिवा नसेल तर मोठ्या खिडकीचा उजेड वापरा, खिडकी मोठी आणि जरा लांब असली की चेहरा आणि भिंत यांच्यात फरक कमी पडतो. माणसाचं तोंड खिडकीकडे, तुमची पाठ खिडकीकडे, भिंत त्याच्या मागे, आणि तुम्ही स्वतः उजेड अडवत नाही ना ते बघा. दिवसा घरातली ट्यूब बंद करा, नाहीतर एक गाल निळसर आणि एक पिवळसर येतो आणि भिंतीवर दोन रंगांचे पट्टे. मोबाइलचा फ्लॅश तर विसराच, त्याने मागे कडक काळी सावली, कपाळावर पांढरा डाग आणि डोळे लाल, तिन्ही एका झटक्यात.

कपड्यांचं थोडक्यात. पांढऱ्या बॅकग्राउंडवर पांढरा शर्ट घातला की खांदे गायब होतात आणि डोकं हवेत तरंगतं, म्हणून मध्यम किंवा गडद रंग, एकरंगी. बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात लाटांसारखा झळकतो. भडक लाल किंवा हिरवा कपडा हनुवटीखाली स्वतःचा रंग फेकतो, त्वचा आजारी दिसते. खूप मोठा गळा असेल तर आयडीच्या क्रॉपमध्ये कपडा दिसतच नाही आणि उघड्या खांद्यांचा फोटो वाटतो. गळ्यातलं आयकार्ड काढायला सांगा, आणि काढल्यावर कॉलर परत नीट करायला सांगा, कारण ती दर वेळी दुमडलेली राहते. काळ्या कोटावर पांढरा दोरा किंवा कोंडा, हे कॅमेरा फार आवडीने टिपतो, मी खिशात चिकटपट्टीचा रोल ठेवतो, खांद्यावर एकदा दाबला की झालं. केसांच्या बाबतीत आयडीला नियम सरळ आहे, डोळ्यांवर बट नको. पोर्ट्रेटला मात्र उडालेले चार केस मागून उजेड असेल तर पेटल्यासारखे दिसतात, ते हाताला जरासं पाणी लावून बसवा.

आता डोळे स्पष्ट नसल्याचं. तुम्ही चष्मा घालता असं प्रश्नातच आहे, तर गोष्ट तिथेच आहे. चष्म्याची काच म्हणजे आरसा. उजेड ज्या कोनातून येतो त्याच कोनातून परत जातो, आणि तो परत जाणारा उजेड लेन्समध्ये शिरला की डोळ्यांच्या जागी पांढरे चौकोन. खिडकीसमोर बसवलेल्या माणसाचा फोटो शंभर टक्के मोठा करून बघा, काचेत अख्खी खिडकी दिसते, गजांसकट, कधी कधी फोटो काढणाराही दिसतो हात वर करून उभा. आणि ते नेमकं बुबुळावर. माणसाने बघायचं ते डोळ्यांत, आणि तिथे आपण खिडकी ठेवलीये.

सोडवायचं कसं, तर कोन मोडायचा. दिवा वर न्या, डोळ्यांच्या पातळीपेक्षा बराच वर, किंवा बाजूला न्या, म्हणजे परावर्तित उजेड खाली किंवा दुसऱ्या बाजूला जाईल. चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचला, अगदी थोड्या, म्हणजे काचा जमिनीकडे झुकतात आणि झळाळी निघून जाते, समोरून बघणाऱ्याला कळतही नाही. हनुवटी जराशी खाली हाही उपाय आहे पण आयडीत मान सरळ हवी त्यामुळे तिथे तो जपून. फ्रेमची वरची कड डोळ्यांवर येत नाही ना ते बघा, चष्मा नाकावरून घसरला की ती हटकून येते. रिंग लाइट वापरणाऱ्यांनी तर चष्मेवाल्यांना समोर बसवूच नये, दोन्ही काचांत पांढरी कडी दिसते. आयडीसाठी मात्र माझा सरळ सल्ला, चष्मा काढा. अमेरिकेने तर १ नोव्हेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या फोटोत चष्म्याला बंदीच घातली, वैद्यकीय कारण असेल तरच सूट. इतर ठिकाणी चालत असला तरी रंगीत काच नको, चमक नको, जाड फ्रेम नको, एवढ्या अटी सांभाळण्यापेक्षा दोन मिनिटं काढून ठेवलेला बरा. फक्त काढल्यावर नाकावर त्या दोन लाल खुणा राहतात, त्या जायला थोडा वेळ द्या, मी चष्मेवाल्यांना रांगेत असतानाच काढून ठेवायला सांगतो.

लहान बाळांचा आयडी फोटो ही वेगळीच कसरत. पांढऱ्या, सुरकुत्या नसलेल्या चादरीवर झोपवायचं आणि बरोबर वरून काढायचं, तुमची सावली बाळावर पडणार नाही अशा बाजूला उभं राहून. मांडीवर घेऊन काढलात तर कोणाचा तरी हात येतोच, आणि तोंडात चोखणी असेल तर काढा, खुळखुळा कॅमेऱ्यामागे वाजवा, फ्रेममध्ये नको. पन्नास काढा, एक येईल.

मोबाइलवाल्यांसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. पहिली अंतराची. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं आणि कान मागे पळतात, हा लेन्सचा दोष नाही, जवळपणाचा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं, १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक साधारण ३० टक्के जास्त रुंद दिसतं आणि पाच फुटांवर हा फरक जवळजवळ राहत नाही. तेव्हा नाक हीच फोटोतली अडचण व्हायला नको असेल तर दुसऱ्या कोणाच्यातरी हातात मोबाइल द्या, त्याला पाच फूट लांब उभं करा आणि दुप्पट झूमची लेन्स असेल तर ती वापरा. शिवाय मागे सरकून झूम केलं की मागचा भाग कमी दिसतो, म्हणजे साफ करायची जागाही कमी.

दुसरी, पोर्ट्रेट मोड. तो ब्लर खरा नसतो, सॉफ्टवेअर अंदाजाने चेहरा कापतं आणि बाकी पुसतं, त्यात कानाची पाळी अर्धी जाते, चष्म्याची काडी मध्येच विरघळते, कुरळ्या केसांत मागची भिंत तशीच धारदार राहते. एकदा दिसलं की मग तेवढंच दिसत राहतं. आयडीसाठी हा मोड बंद, ब्यूटी फिल्टर बंद, आणि बॅकग्राउंड बदलून देणारी अॅपही नकोत. त्या अॅपने कापलेल्या केसांभोवती पांढरी झालर राहते आणि तपासणाऱ्याला ती लगेच कळते. चेहऱ्यात फेरफार केलेले फोटो पासपोर्ट खात्यांची मोठी डोकेदुखी आहे, दोन माणसांचे चेहरे मिसळून एक फोटो बनवतात आणि तो दोघांनाही चालतो. या कारणाने जर्मनीने १ मे २०२५ पासून ओळखपत्रांसाठी कागदी फोटो घेणं थांबवून थेट डिजिटल मार्गाने येणारे फोटो घ्यायला सुरुवात केली. तुम्ही फक्त मुरूम पुसलात हे मशीनला कुठे माहीत.

पोर्ट्रेटमध्ये पुसायचं की नाही याचा माझा नियम असा की जे दोन आठवड्यांत जाणार आहे ते पुसायला हरकत नाही, जे कायमचं आहे त्याला हात लावायचा नाही. मुरूम पुसा, तीळ ठेवा. कपाळावरची चमक मात्र एडिटमध्ये मारत बसू नका, फोटोआधी टिश्यू पेपरने टिपून घ्या, घासू नका, घासलं की लाल होतं. तरी चमकत असेल तर उजेड लहान आणि कडक आहे, मध्ये पांढरा पातळ पडदा धरून तो मोठा आणि मऊ करा.

सगळंच काढून टाकायचं असं मात्र मी म्हणत नाहीये. पोर्ट्रेटमधून सगळं काढलं की आयडी फोटो उरतो. पूर्वीच्या स्टुडिओंत माणसाला हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी स्टँड लावायचे आणि जुने फोटो नीट पाहिले तर पायांमागे त्या स्टँडची बैठक डोकावते, ती चूकच, पण आज तोच भाग आधी बघावासा वाटतो. आणि उलट बाजूला फोटोग्राफर यूसुफ कार्शने ३० डिसेंबर १९४१ ला ओटावात चर्चिलचा फोटो काढताना त्याच्या तोंडातली सिगार सरळ ओढून काढली आणि त्या रागाच्या क्षणी बटण दाबलं. चर्चिल म्हटलं की सिगार आलीच असं कोणीही म्हटलं असतं, पण ती असती तर तो चेहरा दिसला नसता. माझी परीक्षा सोपी आहे, फोटो स्क्रीनवर घ्यायचा आणि संशयित वस्तूवर अंगठा ठेवायचा. अंगठा ठेवल्यावर माणूस जास्त कळतोय की कमी? सुताराच्या मागची हत्यारं झाकली की तो कोणीही वाटतो, म्हणजे हत्यारं राहू देत, फक्त त्यातलं जे डोक्यातून वर येतंय तेवढं सरकवा आणि भिंतीवर चेहऱ्यापेक्षा कमी उजेड ठेवा म्हणजे ती आपली जागा ओळखून राहतात.

तुमच्या वडिलांचा पाठवलेला फोटो बघितला. ते ज्या खुर्चीत बसलेत ती त्यांची रोजची वाटते, हात खुर्चीवर सैल पडलेत, डोळ्यांत खिडकीचा छान ठिपका आहे, हे सगळं ठेवा. खुर्ची फक्त तीन-चार फूट पुढे ओढा, म्हणजे मागची भिंत अंधारेल आणि थोडी ब्लरही होईल. डाव्या कडेला दिसणारा चार्जर काढा. तुम्ही अर्धं पाऊल उजवीकडे या म्हणजे दाराची चौकट त्यांच्या डोक्यामागून सुटेल. कपाटावरची चकचकीत पितळी वस्तू सध्या त्यांच्या चेहऱ्यापेक्षा उजळ आहे, ती दुसऱ्या खोलीत. मग ते उठून गेल्यावर रिकाम्या खुर्चीचा एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. आणि कॅलेंडर उतरवलंत की खिळाही काढा, नाहीतर पुढच्या वेळी लोक विचारतील तिथे काय टांगलेलं होतं.